रुमालाखालचा हात

बोकडांचा व्यापारी नानाशेठने रुमालाखालून माझा हात झटकला आणि आपला हात धोतराला पुसला. बुरहानपूरच्या बकरा बाजारात, भर दुपारी, चार माणसांसमोर.

आमच्या बाजारात भाव तोंडाने ठरत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा. तिसऱ्याला काही कळत नाही. मी दुसऱ्यांच्या शेळ्या चारत वाढलो, मग स्वतःच्या विकायला शिकलो. त्या रुमालाखाली मला कोणी फसवू शकत नाही.

"तू तोंडाने बोल," नानाशेठ म्हणाला.

"का?"

"तुझा बाप मेलेली ढोरं ओढायचा. तू येशूवाला झालास भैया, पण हाथ तो वही है ना?"

चौघे हसले. आणि मी तोंडाने बोललो. चूक तीच. माझा भाव सगळ्या बाजाराने ऐकला, त्याच्या वर कोणी गेलं नाही. दोन बोकड पडत्या भावात गेले.

ते मायच्या डोळ्यासाठी होते. मोतीबिंदू पिकला होता, दवाखान्यात तारीख घेतली होती. फुकटच्या शिबिरात मी तिला बसवणार नव्हतो.

घरी सगळं ऐकून माय म्हणाली, "प्रभू बघतो, पोरा."

मी भडकलो. देवाचं नाव घेणाऱ्याकडे मी आधी संशयानेच बघतो. चर्चच्या पाळकाकडेसुद्धा. क्षमा करायला सांगतात ते नेहमी आम्हालाच.

"बघतो तर गप्प का बसतो?"

तिने चाचपडत माझा हात धरला. तिला वाचता येत नाही. रविवारी कानावर पडतं तेवढंच तिचं.

"तो महारोगी प्रभूकडे आला होता ना? प्रभू नुसतं बोलून त्याला बरं करू शकला असता. पण त्याने हात लावला. ज्याला कोणी शिवत नव्हतं, त्याला."

"मग?"

"मग काय! तू कशाला तोंडाने बोललास?"

डोळ्याला पैसे कमी पडत होते, म्हणून पुढच्या बाजाराला तिसरा बोकड नेला. सगळ्यात मोठा. नानाशेठने त्याची पाठ दाबली, दात पाहिले. जीव अडकला त्याचा.

"बोल."

मी माझा रुमाल पसरला. "हात द्या, शेठ."

"तोंड नाही का तुला?"

"बोकडाला हात लावलात. मला लावायला काय होतं?"

या वेळी चौघे त्याला हसले. तो जवळ सरकला. हळूच म्हणाला, "मायच्या डोळ्याची तारीख आलीय ना? जिद्द महाग पडेल."

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. फक्त रविवारच्या प्रार्थनेत मायसाठी विनंती केली होती. तिथून बाजारात कोणी नेली, ते अजून शोधतोय.

मी रुमाल खांद्यावर टाकला, दोरी धरली आणि बोकड परत आणला.

तारीख गेली. माय म्हणते, "डोळा थांबेल. प्रभू सांभाळेल. तू हात मागे घेऊ नकोस." तिचा भरवसा तिचा. माझा तेवढा नाही. मी एवढंच मानतो, त्याने हात लावला.

बोकड दारात बांधलेला आहे. दर बाजाराला नेतो, रुमाल पसरतो. जो खाली हात घालेल, त्यालाच भाव कळेल. तोंडातून आता आकडा निघणार नाही.