वहीतली नावं

अंबरनाथच्या आमच्या चर्चमध्ये इतरांसाठीची प्रार्थना वीस वर्षं मीच करायचो. मग उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यातला एक कटिंग मास्टर आला आणि ख्रिस्तावरच्या विश्वासापायी परदेशात तुरुंगात पडलेल्यांची नावं वहीतून वाचू लागला. आवाज चिरका, तरी बायका डोळे पुसायच्या. माझ्या वेळी कुणी पुसले नव्हते.

एकदा वाचताना त्याचं एक नाव चुकलं. मी सुखावलो. तो थांबला आणि तेच नाव त्यानं पुन्हा, नीट घेतलं. बाहेर हटकलं तर म्हणाला, "भाऊ, तिकडे त्याला नंबरने बोलवतात. आपण तरी नाव बरोबर घेऊ ना."

पुढच्या रविवारी वही मी मागून घेतली. आठवडाभर घोकलेली नावं अचूक वाचली आणि प्रार्थनेतच एक डोळा उघडून पाहिलं, कोण रडतंय.