सांगून आलेली आपत्ती

विहीणबाई माझ्या पाठीत धपाटे घालत होत्या, गळ्यातली शिट्टी त्यांच्या दातांत होती, आणि मला श्वास येत नव्हता. प्रत्येक धपाट्याला त्यांचा श्वास सुटे आणि शिट्टी वाजे. बंगळूरच्या त्या भल्यामोठ्या हॉटेलातलं ते फ्रेंच जेवणघर, तिथे माणसं पाणीसुद्धा चोरून प्यावं तशी पीत होती. त्या सगळ्यांनी काटे-चमचे खाली ठेवले. एक म्हातारी दुसऱ्या म्हातारीला मारते आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. माझा मुलगासुद्धा ओरडला, "अहो, सोडा तिला!" मी मरते आहे हे त्या दालनात एकट्या विहीणबाईंना कळलं होतं.

कळणारच. संकटाची इतकी वाट बघणारी बाई या पृथ्वीवर दुसरी नसेल. लोक पाहुण्यांची वाट बघतात, पगाराची बघतात. विहीणबाई आगीची, भूकंपाची आणि लिफ्ट अडकण्याची वाट बघतात. "संकट सांगून येत नाही," असं सगळेच म्हणतात. विहीणबाई पुढे म्हणतात, "म्हणून आपणच विचारून ठेवावं." लग्नाला गेल्या की नवरीचं तोंड बघायच्या आधी मागचं दार बघतात. मेट्रोत बसल्या की शेजारणीला विचारतात, वीज गेली तर ही गाडी कुठे थांबते. त्यांच्या पिशवीत बॅटरी, सुंठ, खडीसाखर, दहा हात दोरी आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स असतात, त्याही प्लास्टिकच्या पिशवीत, कारण पूर आला तर. आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ती शिट्टी.

मी मल्लेश्वरमला पन्नास वर्षं राहते आहे. आम्ही मूळचे बेळगावकडचे. घरात सगळे मला अक्का म्हणतात. विहीणबाई पुण्याच्या. यजमान गेल्यावर त्या लेकीकडे, म्हणजे माझ्या मुलाच्याच घरी, महादेवपुऱ्यात चौदाव्या मजल्यावर राहायला आल्या. मुलीच्या सासरी आई राहते हे मला रुचलं नव्हतं, आणि मी ते तोंडावर सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या, "मलाही रुचत नाही. चौदावा मजला फार उंच आहे." तेव्हाच मी ओळखलं की ही बाई वेगळी आहे. पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा आमच्या दारावरच्या झाडाला फणस लोंबत होते. डोक्यात पडला तर, म्हणून विहीणबाई उंबऱ्याच्या चार पावलं अलीकडेच थांबल्या. विहिणीचं औक्षण मला मागच्या मोरीच्या दारात करावं लागलं. त्यांच्या इमारतीत एकदा आगीची तालीम झाली. तरुण मुलं फोन बघत रमतगमत उतरली. सगळ्यांत आधी खाली पोचल्या विहीणबाई, एका हातात कागदपत्रं आणि दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी. लोणचं कशाला, म्हणून मी विचारलं. "खाली किती दिवस काढावे लागतील, कोणाला ठाऊक?" त्याच तालमीत घास अडकलेल्या माणसाला कसं सोडवायचं ते दाखवलं होतं. विहीणबाईंनी ते दोनदा करून बघितलं, आणि नंतर महिनाभर घरी उशीवर.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण त्या माझ्या घासावर नजर ठेवायच्या. आम्ही भाकरी खाणारी माणसं, आमचा घास मोठा. विहीणबाई समोर बसल्या की पहिल्या घासालाच म्हणणार, "लहान घ्या, विहीणबाई, लहान." आमच्याकडे विहिणीचा मान असतो, तिला आग्रह करायचा असतो, तिचा घास मोजायचा नसतो. मी एकदा सुनावलं, "तुमच्या घरचं नाही खात मी." त्या म्हणाल्या, "घर कोणाचंही असो, घसा तुमचाच आहे."

माझी पंच्याहत्तरी झाली आणि मुलाच्या डोक्यात आलं की आईला फ्रेंच जेवण घालायचं. मी चौथी शिकलेली. फ्रान्स कोणत्या बाजूला हेही मला ठाऊक नाही. पण गेले. भर दुपारी तिथे पडदे ओढून मेणबत्त्या लावल्या होत्या. विहीणबाईंनी बसता बसता आमची मेणबत्ती फुंकली. काळ्या कोटातल्या वाढप्यानं पुन्हा लावली, यांनी पुन्हा फुंकली. तिसऱ्यांदा तो काडी घेऊन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "पडदा बघितलात का केवढा जवळ आहे?" मग त्यानं मेणबत्तीच नेली. ताटं परातीएवढी आणि त्यात अन्न नैवेद्यापेक्षा कमी. गाजराचे तीन तुकडे आणि कडेनं हिरव्या पाण्याची रेघ. मी ताट फिरवून बघितलं, मागे आणखी काही आहे का. सून म्हणाली, "अक्का, हे बघायचंपण असतं." बघितलं. बघून भूक वाढली.

तर ताट ठेवून तो वाढपी कमरेत वाकला आणि गंभीर तोंड करून म्हणाला, "बोन आपेती."

विहीणबाई ताडकन उभ्या राहिल्या. "काय म्हणालात? आपत्ती?"

त्याला वाटलं, बाईंना शब्द आवडला. तो हसून म्हणाला, "येस मॅडम! आपेती!"

झालं. पदरातून शिट्टी निघाली, ती अशी वाजली की वरची काचेची झुंबरं किणकिणली. "उठा! विहीणबाई, चपला राहू द्या, उठा!" शेजारच्या टेबलावरचं एक जोडपं खरंच उठून दारापर्यंत गेलं. सून लाजेनं लाल झाली. तिनं आईला दंडाला धरून खाली बसवलं आणि समजावलं की फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पोटभर जेवा, असा होतो.

"मग तसं म्हणावं," विहीणबाई म्हणाल्या. "जेवायला बसलेल्या माणसाला आपत्ती कसली सांगता?"

"आई, आज अक्कांचा वाढदिवस आहे. माझी शपथ आहे तुला. इथून उठेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

लेकीची शपथ. विहीणबाईंनी ओठ मिटले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आता निवांत जेवता येईल म्हणून मी पावाचा मोठा तुकडा तोडला. तो पावही असा, की वरून झाडाची साल आणि आतून चामडं. विहीणबाईंनी समोरून दोन बोटं जवळ आणून खूण केली : लहान, लहान. मी त्यांच्याकडे बघत बघत तो सगळा तुकडा तोंडात घातला. मुद्दाम.

तेवढ्यात पुढची ताटं आली. तो वाढपी वाकला. विहीणबाईंनी दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले, दंतवैद्याच्या खुर्चीत मिटतात तसे. तो म्हणाला, "बोन आपेती," आणि मला हसू फुटलं.

पाव खाली गेला आणि अडकला. खोकला येईना, आवाज येईना. अडकलेलं माणूस खोकतं, धडपडतं, असं मला वाटायचं. तसं काही नाही. नुसतं बसून राहतं. मुलगा आणि सून फोन काढून ताटांचे फोटो घेत होती. त्यांच्यापासून हातभर अंतरावर मी मरायला लागले आणि कोणाला पत्ताही नव्हता. मी समोर बघितलं. विहीणबाईंचे डोळे उघडले होते आणि माझ्या घशावर होते.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. पाच धपाटे, पाच शिट्ट्या. ते पुरलं नाही म्हणून त्यांनी मागून माझ्या पोटाला मिठी घातली, मूठ आवळली आणि दुधाचं पातेलं उचलावं तसं मला वर उचललं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा मला झुंबरं काळी दिसली. तिसऱ्या हिसक्याला तो पाव टेबलावरच्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर येऊन पडला. चांगला लिंबाएवढा होता.

वाढपी धावत आला. फ्रेंच गेलं, इंग्रजीही गेलं, नुसतं कानडी उरलं. "अज्जी, स्वल्प नीर कुडीरी, अज्जी," म्हणत त्यानं माझ्या तोंडाला पाणी लावलं. सून रडत आईच्या गळ्यात पडली. विहीणबाईंनी तिला बाजूला केलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "शपथ मोडलेली नाही हो मी. शब्द काढला नाही, शिट्टी वाजवली." मग माझ्याकडे वळल्या. "जन्मात पहिल्यांदा आपत्ती सांगून आली, विहीणबाई. दोनदा सांगून आली. आणि नेमकं माझंच तोंड बांधलेलं."

मी काय म्हणावं? आभार मानावेत. मी म्हणाले, "पाठ मोडलीत माझी."

"मोडू दे. पाठ बसवता येते."

शेवटचं गोड आणताना तो वाढपी लांबच थांबला, विहीणबाईंकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "ऊटा माडी, अज्जी." जेवा, आजी. विहीणबाईंनी मान डोलावली. आता माणसासारखं बोललास, अशी.

आभार अजून मानलेले नाहीत. यंदा विहीणबाईंची नजर फार अधू झाली आहे. चौदाव्या मजल्यावरून सहसा उतरत नाहीत, शिट्टी मात्र गळ्यात असते. मी गेले की समोर बसतात, पण माझं ताट त्यांना धूसर दिसतं. मग विचारतात, "घास केवढा घेतलात?" मी म्हणते, "लहान." आणि लहानच घेते. खोटं बोलले तर कळणार नाही, तरी लहानच घेते.

त्या दुपारी त्या टेबलाशी आम्ही चौघं होतो. मरायला निघाले होते ती मी. हे लिहायला जगले तीही मीच.