झेलमची सरळ पाठ

स्वप्ना पगारे यांना कोणी वाकून उभं राहिलेलं खपत नसे. डोंबिवलीच्या एका शाळेत त्या पी.टी. शिकवत. प्रार्थनेला एखादी मुलगी एका पायावर भार टाकून उभी दिसली, की बाईंचा आवाज पटांगणाच्या पार टोकाला जाई. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलंच, तर "वेळ नाही मिळाला" म्हणून त्या विषय मिटवत. मानपाड्याच्या घरात त्या, त्यांचे वडील आबा आणि झेलम, एवढीच माणसं. झेलम कुत्री होती, पण त्या घरात तिला वेगळं मोजत नसत.

आबा पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका कुत्रीचा वंश त्यांनी घरी जपला होता आणि झेलम ही त्यातली शेवटची. जर्मन शेफर्ड, आबांच्या तोंडी अजूनही 'अल्सेशियन', पण कामाच्या वळणाची. पाठ टेबलासारखी सरळ, रंग राखेत काजळ मिसळल्यासारखा, अंग आटोपशीर. हल्ली बागेत फिरायला आणतात ते लालकाळे, झुपकेदार, मागे उतरत गेलेल्या पाठीचे शेफर्ड प्रदर्शनाच्या वळणाचे. पूर्वज दोघांचे एकच, मेंढ्यांच्या कळपाभोवती दिवसभर फेऱ्या घालणारे. पुढे माणसांनी काहींना कामासाठी निवडत नेलं आणि काहींना डोळ्यांसाठी.

"अगं, ही लांडग्यासारखी दिसते," बिल्डिंगमधल्या विनिताकाकू म्हणत. "खरा शेफर्ड मागून कसा बसल्यासारखा चालतो."

"त्याची कंबर धरत असेल, काकू," स्वप्नाबाई म्हणत आणि जिना उतरत.

झेलमचं वय होत आलं होतं. पिल्लं व्हायची तर याच वर्षी, नाहीतर आबांनी जपलेलं वळण तिच्याबरोबर संपणार. जोडीला तसाच नर हवा होता आणि जवळपास तो एकच होता, कल्याणच्या सुदेशचा बादल. सुदेश इमारतींना वॉचमन पुरवण्याचा धंदा करी.

"ताई, माझी ना नाही," तो म्हणाला. "पण ठाण्याच्या डॉग शोमध्ये झेलमला ग्रेड मिळू दे. त्याशिवाय शेफर्ड क्लब पिल्लांना वंशावळीचे कागद देत नाही. बिनकागदाची पिल्लं कोण घेणार?"

प्रदर्शनात शेफर्डला उभं करायची एक रीत असते. मागचा एक पाय लांब मागे ताणून ठेवायचा, म्हणजे पाठ उतरती दिसते. शिवाय कुत्री फिरवायच्या आखलेल्या रिंगच्या बाहेरून घरच्यांनी हाका मारायच्या, म्हणजे कुत्रा मान उंचावून पुढे ओढ घेतो. स्वप्नाबाईंनी मन मारून झेलमला पाय मागे ठेवायला शिकवलं. आबा तेवढा वेळ गॅलरीत जाऊन बसत.

"पोरींना सावधान शिकवतेस आणि हिला हे?"

"आबा, एका दिवसाचा प्रश्न आहे."

"मग तो दिवस तुझा. मला त्यात घेऊ नकोस."

माजिवड्याजवळच्या मैदानावर प्रदर्शन भरलं. रिंगभोवती नुसता गोंधळ. कोणी किल्ल्या वाजवतंय, कोणी रबराचं बदक पिळतंय, एक बाई खुर्च्यांना अडखळत "रॉकी, मम्मी इकडे! रॉकी!" करत धावतायत.

"आबा, तुम्ही पण पलीकडून आवाज द्या ना," सुदेश म्हणाला.

"ड्यूटीवरच्या कुत्र्याला? आमच्या वेळी मेमो मिळाला असता." आबांनी हाताची घडी घातली.

झेलमची पाळी आली. तिने शिकवल्याप्रमाणे पाय मागे ताणला. परीक्षक तिच्याभोवती फिरले. गृहस्थ सभ्य होते.

"कुत्री छान आहे. पाय अजून थोडा मागे घ्या, मॅडम. पाठ जरा उतरू दे, की देतो ग्रेड."

बाई वाकल्या. त्यांनी झेलमचा पाय हातात घेतला. मांडी ताणाने थरथरत होती. झेलमने पाय काढून घेतला नाही. उलट सैल सोडला, बाई ठेवतील तिथे ठेवायला. स्वप्नाबाईंना तेच सहन झालं नाही. त्यांनी पाय खाली सोडला आणि त्या ताठ उभ्या राहिल्या.

"झेलम, सावधान!"

आवाज पटांगणावरचा होता. झेलम चारही पाय अंगाखाली घेऊन उभी राहिली. शेजारचा रॉकी दचकून खाली बसला.

"मॅडम, अशी नाही उभी करायची."

"ती अशीच उभी राहते."

"मग मला ग्रेड देता येणार नाही. पाठ सरळ आहे."

"आहेच सरळ. ती काही इथे नाक घासायला आलेली नाही. तिला पळवून बघा, दिवसभर पळवा. ही सगळी बसली तरी ती पळत असेल."

"इथे दिवसभर पळवत नाहीत, मॅडम."

"तेच म्हणतेय मी," असं म्हणून त्या झेलमला घेऊन रिंगबाहेर आल्या.

सुदेश डोकं धरून उभा होता. "काय केलंत, ताई! हातातली ग्रेड गेली. बादलच्या वेळी मी बायकोला उकडलेलं चिकन घेऊन अख्ख्या रिंगभोवती पळवलेलं. तिचा गुडघा अजून दुखतो."

"आणि बादल?"

"त्याचं काय, त्याने चिकन खाल्लं."

आबा खो खो हसले. स्वप्नाबाई हसल्या नाहीत.

"सुदेश, तुझी अट मी मोडली, मान्य. आता तू सांग, बादल द्यायचाय की नाही? नसेल तर दुसरा शोधीन. नाही मिळाला तर झेलम शेवटची. पण तिला वाकवून मिळवलेल्या कागदावर तिची पिल्लं नकोत मला."

"पण लोकांना दाखवायला काहीच नसेल, ताई."

"पाठ असेल."

"आणि कोणी घेतलीच नाहीत तर?"

"सांभाळीन. सगळी."

सुदेशने झेलमकडे बघितलं. ती अजून तशीच उभी होती.

"अर्धी मला द्या," तो शेवटी म्हणाला. "माझ्याकडे गेटवर सरळ उभं राहणारं कोणी नाहीच. बादलला कधी आणू?"

"माजावर आली की कळवते. आणि गाडीतून आणू नकोस. कल्याणहून मानपाड्यापर्यंत चालवत आण. दमलेला दिसला, तर खालूनच परत पाठवीन."