आत्याचा अनंत

आमच्या आत्याला संशय घ्यायला कारण लागत नाही. दुकानदार जरा गोड बोलला, की ती पिशवी तिथेच उपसून बघते. मी तिची लाडकी भाची, तरी मी घरातून निघाले की कपाट नीट बंद आहे ना, ते ती तपासणारच.

घर विकून मुलाकडे राहायला जायचं ठरलं, तेव्हा अंगणातला अनंतही सोबत येणार, यावर ती अडून बसली. पुरुषभर उंचीचं जुनं झुडूप ते! माळ्याने कानाला हात लावले. "या वयाचं झाड नव्या जागी लागेलच असं नाही," म्हणाला.

"लागलं तर मी राहीन, नाहीतर माझी मी कुठेतरी खोली बघीन," आत्याने जाहीर केलं. बोलताना नजर सुनेवर.

माळ्याने लांबून गोल खणलं, मुळांचा गड्डा न फोडता गोणपाटात बांधला, निम्म्या फांद्या छाटल्या. त्या तो घरी नेऊन लावेल म्हणून आत्याने निघताना त्याची पिशवी उलटी करायला लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नव्या घराच्या मागे झुडूप उभं राहिलं. आत्या रोज सकाळी बेताचं पाणी घालायची, तरी थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली. मी भेटायला गेले, तर तिने मला ओढतच झुडपापाशी नेलं.

"सकाळचं पाणी आतापर्यंत सुकायला हवं. माती ओली कशी? ही काहीतरी ओततेय."

"कोण, वहिनी? काहीतरीच काय!"

आत्याने चिमूटभर माती जिभेवर ठेवली. "मीठ असेल. तू बघ चाखून."

मी चार पावलं मागे सरले.

दुपारी तिने मला स्वयंपाकघराच्या खिडकीआड दाबून बसवलं. आणि खरंच, वहिनी इकडेतिकडे बघत, टॉवेलखाली मग लपवून आली. आत्या तीरासारखी बाहेर गेली, तिच्या हातातला मग हिसकावला, बोट बुडवून चाटलं.

साधं पाणी.

वहिनी रडकुंडीला आली. "गुडघ्यांमुळे तुम्ही अर्धीच बादली आणता. मला वाटलं, तेवढं पुरत नसेल. झाड गेलं तर तुम्ही जाल, म्हणून मी रोज दुपारी चार-पाच मग..."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर घालू दिलं असतंत?"

आत्याने मातीत बोट खुपसलं, तर पाणी वर आलं. इतका वेळ मला तिचा राग येत होता. आता तिच्याकडे बघवेना.

"दोघींनी मिळून बुडवलंय की गं याला," ती म्हणाली आणि हिसकावलेला मग वहिनीच्या हातात परत दिला. "माती सुकू दे. मग तूच घालत जा."

"आणि नाही जगलं तर?" वहिनीने घाबरतच विचारलं.

"नाही तर नाही," आत्या म्हणाली. "मी कुठे जाणार आहे?"