उलटा बाण

सत्यशीलाबाईंनी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि सवयीनं खिडकीतून वर पाहिलं. खुर्सीपारच्या त्यांच्या गच्चीवर नवऱ्यानं, चंपतरावांनी, बांबूला एक नारिंगी कापडी बाही बांधली होती, वारा कुठला ते दाखवणारी. दोरीवरचे कपडे स्टील प्लांटकडे उडत होते. बाही मात्र उलट्या दिशेला फुगलेली. त्या पाहतच राहिल्या, तेवढ्यात दार वाजलं.

शेजारच्या गल्लीतली खुशबू, लॅपटॉप पोटाशी धरून. "जय भीम, काकू. काका आहेत?"

"कावून वो मास्तरीणबाई, सकाळीच?" चंपतराव आतून आले.

चंपतराव प्लांटच्या कोक ओव्हनमधून, कोळशाच्या भट्ट्यांवरून, रिटायर झालेले. तिथं गॅसचा भोंगा वाजला की आधी बाहीकडे पाहायचं आणि वाऱ्याच्या तोंडावर, वारा येतो तिकडंच, चालायचं. पाठीवर वारा घेऊन पळाला तो गॅससोबतच पळाला. एकुलत्या लेकाला, नागसेनला, बाराखडीआधी त्यांनी हेच शिकवलं होतं. नागसेन मालवाहू जहाजावर लागला, आणि आठ वर्षांमागं जूनमध्ये अंदमानच्या समुद्रात जहाजासकट नाहीसा झाला. बाही त्यानंतरची.

खुशबूनं नकाशा उघडला. उपग्रहानं टिपलेला त्या समुद्रावरचा मोसमी वारा, हे तिचं एमएस्सीचं काम. निळ्यावर बाणच बाण, सगळे नैर्ऋत्येकडून निघालेले.

"हा एक पाहा, काका. उलटा. आठ वर्षं झाली, दर जूनमध्ये इथंच. सर म्हणतात डेटाची चूक हाय, पुसून टाक. आज जमा करायचं हाय."

"मंग पुस ना. मले काय दाखवून राहिली?"

ती घुटमळली. "जहाज कुठं हरवलं, त्याचं कंपनीचं पत्र होतं ना तुमच्याकडं?"

सत्यशीलाबाईंनी नागसेनच्या फोटोमागून घडी काढली. खुशबूनं आकडे ताडून पाहिले. अक्षांश जुळला. रेखांशही. तिनं पुन्हा पाहिलं आणि कागद हळूच खाली ठेवला. पोहे करपल्याचा वास आला. कोणी उठलं नाही.

"पावसात उपग्रह चुकते, काकू," ती पुटपुटली.

"आठही वर्षं? एकाच जागी?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

गच्चीवर बांबू करकरला. चंपतरावांनी त्या बाणावर बोट टेकवलं.

"वाऱ्याच्या तोंडावर चालून राहिला," ते म्हणाले. "शिकवलं तसाच."

खुशबूनं लॅपटॉप मिटायला हात लावला. त्यांनी तो उघडाच धरून ठेवला.

"बेटा, तेवढा एक बाण पुसू नको."