रक्तात हलगी नसते

मॅडमनी हलगी माझ्या गळ्यात अडकवली. विचारलं नाही. सगळा वर्ग गोल करून बसलेला, मधे मी उभा.

"चलो, वाजव. तुमच्या तर रक्तातच असतं ना हे."

मी दिल्लीत एमए करतो. साहित्य, नाट्य, कला-इतिहास, तिन्ही एकत्र. मी बीडकडचा. मॅडम मराठीच. त्यांचे वडील मोठे अधिकारी, त्यामुळे लहानपण दिल्लीतच, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. मराठी बोलता बोलता शब्द अडला की हिंदीत शिरतात. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव-गाव विचारलं. मग आडनाव. मग पुन्हा एकदा आडनाव. "अच्छा, अच्छा," म्हणाल्या. मला वाटलं, परमुलखात आपलं माणूस भेटलं. खुळा मी.

मला हलगी येत नव्हती. जन्मात कधी हातात धरली नव्हती. दोन काड्या दिल्या, एक जाड, एक बारीक. कुठली कुठल्या हातात धरायची तेही ठाऊक नाही. काहीतरी बडवलं. वर्ग खो-खो हसला.

"अरे यार, तुला येत नाही?" मॅडमना खरोखर वाईट वाटलं होतं. "कमाल आहे! इतकी ग्रेट परंपरा, आणि तुम्ही लोक जपतच नाही."

तुम्ही लोक. हे शब्द गावातच राहिले असं मी धरून चाललो होतो. ते माझ्याआधी दिल्लीत पोचले होते.

आम्ही जपत नाही, हे खरंय. गावात मयत झालं, देवीची पालखी निघाली, कुणाचं लग्न निघालं, की आमच्या घरानं पुढं हलगी वाजवत जायचं. देवळाबाहेर थांबायचं. शेवटी उरलंसुरलं पदरात घ्यायचं. माझ्या आज्यानं बुद्धाचा धम्म घेतला आणि भर चावडीत सांगितलं, आजपासून वाजवणार नाही. गावानं किराणा बंद केला, रानातलं काम बंद केलं. घरानं उपास काढले. म्हातारा हलला नाही. त्या नकाराच्या जोरावर माझा बाप शिकला, एसटी डेपोत मेकॅनिक झाला. मी इथवर आलो. आमची परंपरा असलीच तर ही. पण वर्गात हे सांगायला तोंडच उघडलं नाही. हातात काड्या, कानात हसणं, आणि मी नुसता उभा.

मॅडम वार्षिक प्रयोग बसवत होत्या. पालखीचा प्रवेश. हलगीवाला मीच, हे ठरूनच गेलेलं. अनवाणी यायचं, कमरेत वाकून. मॅडमनी तालमीच्या फरशीवर खडूनं रेघ मारली.

"हे मंदिर. तू बाहेरच राहा. बिल्कुल ऑथेंटिक पाहिजे."

हाच प्रयोग म्हणजे आमचं प्रॅक्टिकल. नापास झालो तर वर्ष गेलं. काय करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. साहित्याच्या तासाला आमचं दुःख वाचायचं, कला-इतिहासाच्या तासाला आमच्या वस्तूंचे फोटो बघायचे, आणि नाटकाच्या तासाला आम्हीच वाकून यायचं. आणि मी येत होतो. रेघेबाहेर उभा राहत होतो.

गाझियाबादच्या खोलीवर मोबाइलवर व्हिडिओ लावून हलगी शिकायला लागलो. रूम पार्टनर लातूरचा, यूपीएससीची तयारी करणारा. म्हणाला, "भावा, माझी प्रीलिम्स होऊ दे, मग काय बडवायचं ते बडव." आम्ही दोघंही हसलो. मला आतून मेल्यासारखं झालं होतं.

एका संध्याकाळी पप्पांचा व्हिडिओ कॉल आला. हलगी माझ्या मागं कॉटवर पडलेली. त्यांना दिसली.

"ती काय हाय रं?"

सगळं सांगितलं.

"न्हाई वाजवली तर?"

"नापास करतील."

मागं आई भाकरी थापत होती, त्याचा आवाज येत होता. पप्पा मान खाली घालून म्हणाले,

"मग वाजव. हितं कुणाला सांगू नगं."

फोन ठेवला आणि मी ढसाढसा रडलो. ज्या माणसानं डेपोतल्या साहेबापुढं कधी मान खाली घातली नाही, त्यानं माझ्या मार्कांसाठी माझ्यासमोर घातली. मला मरणाची लाज वाटली. मग राग आला. मॅडमचा आला, माझा आला, सगळ्यांचा आला.

दुसऱ्या दिवशी तालमीत हलगी मॅडमच्या खुर्चीवर नेऊन ठेवली.

"मी वाजवणार नाही."

"का? आपल्याच कल्चरची लाज वाटते?"

"लाज नाही, मॅडम. आम्ही ती सोडलीय. माझ्या आज्यानं उपाशी राहून सोडलीय."

"ते गाव होतं. ही आर्ट आहे, यार."

"मग रेघ कशाला मारलीत?"

ज्यांच्याबरोबर रोज कँटीनला चहा प्यायचो, ते मोबाइलात बघत बसले. एकानंही मान वर केली नाही.

"प्रॅक्टिकल तुझं आहे. सोच ले," मॅडम म्हणाल्या.

विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं. "ॲडजस्ट कर लो, बेटा," म्हणाले. बाहेर येऊन जिन्यावर बसलो. जायला दुसरं दारच नव्हतं.

प्रयोग झाला. हलगी पुण्याच्या एका मुलानं वाजवली. त्यालाही धड येत नव्हती, पण टाळ्या पडल्या. त्याला कुणी वाकायला सांगितलं नाही. त्याच्या रक्तात काय आहे, हेही कुणी विचारलं नाही. मी नापास झालो.

पुढच्या वर्षी तोच पेपर आहे. परीक्षक त्याच मॅडम. मी बसणार आहे. माझा प्रवेश मी लिहिणार, मीच बसवणार, आणि स्टेजवर ताठ चालत येणार. पुन्हा नापास केलं तर पुन्हा बसेन. डिग्री मिळेल, न मिळेल. माझ्या बापावर "वाजव" म्हणायची वेळ मात्र परत येऊ देणार नाही.