मेडनहेडची मेंढी

पत्ते खेळणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. डाव कुणी जिंकला ते चहा होईपर्यंत विसरलेलं असतं, कोण काय बोललं ते मात्र जन्मभर राहतं. आमचा अड्डा इंग्लंडातल्या मेडनहेडला, देशमुखांच्या कन्झर्व्हेटरीत, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीत, दर रविवारी. खेळ मेंढीकोट. दश्शीला मेंढी म्हणायचं आणि चारही मेंढ्या पळवल्या की समोरच्यावर कोट चढतो. नियम एवढेच, बाकी सगळी भांडणं.

*

पहिलं भांडण स्पेलिंगचं. व्हॉट्सॲप ग्रुपच्या नावात पुण्याच्या देशमुखांनी ‘मेंढी’ लिहिलं. नागपूरचा मेश्राम म्हणाला, “सर, आमच्याकडे मेंडी. ढ कशाला उगाच?”

मतदान झालं, बरोबरी झाली. आता दोन ग्रुप आहेत. दोन्हींत तीच माणसं आहेत. मी दोन्हीकडे तोच गुड मॉर्निंग टाकतो.

*

रिटायर झाल्यापासून देशमुख पत्त्यांच्या शब्दांचा कोश लिहितात. किलवर म्हणे डचांकडून आलं, हुकूम अरबीतून. दश्शीला मेंढी का म्हणतात, ते मात्र सापडेना. बिचारे झोपेनात.

मी सांगितलं, “पूर्वी मेंढपाळ पैजेवर खेळायचे. दश्शी गेली की कळपातलं एक मेंढरू गेलं.” हे मला त्याच क्षणी सुचलं होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी तीच गोष्ट मलाच ऐकवली. म्हणाले, “एका जुन्या माणसाकडून मिळाली.”

“माणूस खात्रीचा आहे का?”

“तसा बरा आहे, बापू. पण फार बोलतो.”

*

देशमुखांचं खरं दुखणं वेगळंच. मुलगी ग्लासगोला दिलेली. विहीणबाई मोइरा तिथल्याच, स्कॉटिश, पत्त्यांतल्या पक्क्या, पण लग्नापासून देशमुखांशी हवामानापलीकडे एक वाक्य बोललेल्या नाहीत. त्या मुक्कामाला आल्या, तेव्हा देशमुखांनी कोशातलं उत्तमातलं उत्तम काढलं.

“इंग्रजीत चौकट नव्वीला स्कॉटलंडचा शाप म्हणतात. ते का हो?”

“त्याच्या पुष्कळ गोष्टी आहेत,” मोइराबाई म्हणाल्या. “सगळ्या खोट्या.”

मी म्हटलं, “मग द्या त्या देशमुखांना. कोशात जागा आहे.”

बाई हसल्या. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, “तुमचा खेळ शिकवा.”

देशमुख अजून कोशाची वही उघडत होते. पत्ते मीच पिसले.

*

मी आणि देशमुख एका बाजूला, मोइराबाई आणि देशमुखांच्या सुनीतावहिनी दुसऱ्या. वहिनींनी नवऱ्याला आधीच बजावलं होतं, “मुलाकडच्या आहेत. कोट चढवाल तर याद राखा.”

तीन मेंढ्या आमच्याकडे आल्या. चौथी मोइराबाईंच्या हातून पडली. त्या हातात शेवटचं पान टाकायचं होतं देशमुखांनी. हुकमाचा एक्का त्यांच्याकडेच उरलाय, हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी किलवरची दुर्री टाकली.

मोइराबाईंनी पत्ते खाली ठेवले. “हे नियमात आहे का?”

मी म्हटलं, “नियमात नाही बाई, लग्नात आहे. मुलीच्या बापाने मुलाच्या आईवर कोट चढवायचा नसतो.”

बाई देशमुखांकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “मला असं वाचवणार असाल, तर मी पुन्हा तुमच्याशी खेळणार नाही.”

देशमुखांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा विहिणीकडे. नवा डाव वाटला. आणि या माणसाने, ज्याने आयुष्यात बँकेतल्या शिपायालाही उलट उत्तर दिलं नाही, चारही मेंढ्या उचलून विहीणबाईंवर कोट चढवला. चौथीला तर हुकूम टेबलावर आपटून.

सुनीतावहिनी उठून आत गेल्या. आल्या त्या ताट घेऊन. अपराध पोटात घाला म्हणून त्यांनी विहिणीला हळदकुंकू लावलं, पदर नव्हता म्हणून कार्डिगनमध्येच ओटी भरली. ब्लाउजपीस, तांदूळ, वर नारळ.

मोइराबाईंनी नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला. ब्लाउजपीस उलगडला, पोत पाहिला.

“हरल्यावर हे मिळतं?”

कुणी उत्तर द्यायच्या आत त्यांनी पत्ते गोळा करून देशमुखांपुढे सरकवले.

“वाटा.”